मोहरीचा दाणा आणि आपली दारे

(वर्षावासानिमित्त विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत शिक्षण, नोकरी, व्यसनमुक्ती अशा विषयांवर विद्वान वक्त्यांनी आपणास आजवर मार्गदर्शन केले आहे. आम्ही विद्वान नाही. बँकेत कारकुनी करणारे, कला शाखेचे एक साधे पदवीधर आहोत. आज बोलणार आहोत तो विषय विहारात सहसा कुणी काढत नाही. मूल होत नाही म्हणून, पोटातले मूल गेले म्हणून, किंवा बाळंतपण सुखरूप होऊनही बाईच्या मनाची जी अवस्था होते, तिच्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत. यात आमच्या घरची हकिकत येईल. ती आम्ही पत्नीच्या संमतीने सांगत आहोत. ती समोरच बसली आहे.

लग्नानंतर पाच वर्षे आम्हास मूल नव्हते. बँकेच्या खिडकीपाशी ओळखीचा माणूस पासबुक पुढे सरकवतानाच विचारी, "काय साहेब, गोड बातमी कधी?" आम्ही हसून वेळ मारून नेत असू. परंतु पत्नीला हसून सुटता येत नसे. डोहाळजेवणाच्या कार्यक्रमात ओटी भरावयाची वेळ आली की बायका तिला अलगद मागे सारीत. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली आपली माणसे, पण 'एकदा अमक्या बाबाकडे जाऊन या' असे कानात सांगणारी त्यांच्यातही निघाली. तपासणी मात्र फक्त बाईची! वास्तविक, वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर दोघांचीही तपासणी व्हावयास हवी, कारण दोष पुरुषाकडेही असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगातील दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात केव्हातरी ही अडचण येते. मग हा कलंक कसला? जोतिराव आणि सावित्रीबाई यांना स्वतःचे अपत्य नव्हते. त्यांनी यशवंताला दत्तक घेतले आणि साऱ्या समाजाचे आईबाप झाले. 'वांझ' हा शब्द तोंडी आणण्यापूर्वी हे आठवावे.

पुढे 2011 साली दिवस राहिले आणि आठव्या महिन्यात पोटातले मूल गेले. ज्या रुग्णालयात ती होती तेथे तिला इतर बाळंतिणींच्याच खोलीत ठेवले होते. शेजारच्या प्रत्येक खाटेवर बाळ रडत होते. तिसऱ्या दिवशी तिला दूध आले. मूल गेले तरी दूध येते, हे तिला कुणी सांगितले नव्हते आणि आम्हालाही ठाऊक नव्हते. "तिला त्रास नको" म्हणून आम्ही तिला बाळाचे तोंडही दाखवले नाही. चार पुरुष मंडळी जाऊन दफन करून आलो. घरी आल्यावर आमची आई म्हणाली, "विसर बाई, दुसरं होईल." आम्ही म्हणालो, "रडू नकोस." तिने आमचे ऐकले. ती रडली नाही, आणि आम्हास वाटले की ती सावरली.

2014 साली मुलगी झाली. घरात आनंदीआनंद! परंतु बाळ झोपले तरी आई जागी. जेवण समोर तसेच पडलेले. एके रात्री ती म्हणाली, "हिच्याकडे बघून मला काहीच वाटत नाही." आम्ही काय बोललो ते सांगावयास लाज वाटते. आम्ही म्हणालो, "लोकांना मूल होत नाही, तुला एवढी चांगली पोरगी झाली, आणि तुझं हे काय?" त्यानंतर ती आमच्याशी मनातले बोलेनाशी झाली.

मित्रहो, हा आळस नव्हता, नखरे नव्हते आणि बाहेरची बाधाही नव्हती. तो आजार होता. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ स्त्रियांना होते आणि दोन आठवड्यांच्या आत ते ओसरते. परंतु उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप उडाली, बाळाविषयी माया वाटेनाशी झाली, आपण जगण्यास नालायक आहोत असे वाटू लागले, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात बाळंतीण झालेल्या शंभरांपैकी सुमारे तेरा स्त्रियांना मानसिक आजार होतो, आणि विकसनशील देशांत हे प्रमाण जवळपास वीस आहे. गरोदरपणातही तो होतो. प्रसूतीनंतर शरीरातील संप्रेरके एकदम उतरतात, जागरणे होतात, अंगात रक्त कमी असते, आणि मागचे न रडलेले दुःख असेल तर तेही वर येते. क्वचित, हजारात एकदोघींना, भास होतात, भलतेच बोलणे सुरू होते. तेव्हा एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठावे, कारण आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो.

आमच्या घरी हे कुणी ओळखले? आम्ही नव्हे. बाळाला पाहण्यास आलेल्या आशाताईंनी ओळखले. रुग्णालयात प्रसूती झाली तरी बेचाळीस दिवसांत आशाताईंनी सहा वेळा घरी यावे असा नियम आहे. त्या आल्या, बाळाचे वजन केले आणि मग पत्नीला विचारले, "ताई, तुम्हाला झोप लागते का?" इतक्या दिवसांत बाळाची चौकशी करणारे शंभर जण आले, आईची चौकशी करणारी ही पहिली! त्या एका प्रश्नावर ती तासभर रडली. पुढे जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात उपचार सुरू झाले. स्तनपान चालू असतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतील अशी औषधे असतात, हे आम्हास तेथे कळले. सहा-सात महिन्यांनी ती पुन्हा गाणे गुणगुणू लागली.

आता धम्माकडे वळू. किसा गोतमीची कथा आपण सर्व जाणतो. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत हिंडत होती. ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे तथागतांनी तिला सांगितले. ही कथा आपण अनित्यतेचा उपदेश म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. परंतु तथागतांनी तिला समोर बसवून 'मरण सर्वांनाच आहे' असे ऐकवले नाही. 'रडू नकोस' असेही म्हटले नाही. त्यांनी तिला दारोदार पाठवले. प्रत्येक दार उघडले, प्रत्येक घराने आपले दुःख तिला सांगितले. गावाने तिला वेडी ठरवून दार लावून घेतले असते, तर ती शहाणी झाली असती काय?

पटाचारेची कथा तर याहून जवळची. वाटेतच बाळंत झालेली ती बाई. त्या एका प्रवासात नवरा, दोन्ही मुले, आईवडील आणि भाऊ, सारे गेले. अंगावरच्या वस्त्राचे भान राहिले नाही. लोक तिला वेडी म्हणून हाकलीत. तथागतांनी मात्र तिला येऊ द्या म्हटले आणि भगिनी म्हणून हाक मारली. तीच पुढे थेरी झाली आणि दुःखी स्त्रियांचा आधार बनली.

बाबासाहेब आणि माता रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी चार बाळपणीच गेली. 1926 साली राजरत्न गेला, त्या दुःखाने बाबासाहेबांसारखा पुरुषही खचला होता. दोनच वर्षांनी, 1928 साली, मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. 1929 साली तो कायदा झाला. पुढे 1961 चा देशव्यापी कायदा आला आणि 2017 साली पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा बारावरून सव्वीस आठवडे झाली. गर्भपात झाल्यासही सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, हे आपल्या नोकरी करणाऱ्या भगिनींपैकी कितींना माहीत आहे? घरकाम करणाऱ्या भगिनी मात्र या कायद्याच्या बाहेरच राहतात. त्यांचा विसावा आपणच पाहिला पाहिजे.

तेव्हा संघापुढे चार विनंत्या ठेवतो. पहिली, 'गोड बातमी कधी' हा प्रश्न आपल्या कार्यक्रमांतून कायमचा बंद व्हावा. दुसरी, पोटातले किंवा नुकते जन्मलेले मूल गेले, तर मोठ्या माणसाच्या मरणाला जातो तसेच त्या घरी जावे. उपदेश करू नये, 'दुसरं होईल' म्हणू नये. शेजारी बसावे आणि ऐकावे. बापाशीही बोलावे, कारण तोही आतून पोळलेला असतो. तिसरी, बाळंतिणीच्या घरी महिला मंडळाच्या दोघींनी आठवड्यातून एकदा जावे, बाळाला दोन तास सांभाळावे आणि आईला झोपू द्यावे. चौथी विद्यार्थ्यांना. विहाराच्या फलकावर 14416 हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा. 2022 साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा तो क्रमांक आहे. मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत, रात्रीही उत्तर मिळते. 'वेडी ठरवून मूल काढून घेतील' या भीतीने पुष्कळ जणी गप्प राहतात. त्यांना सांगा की 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, आई रुग्णालयात दाखल असली तरी तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः तिच्यापासून वेगळे करता येत नाही.

शेवटी एकच सांगतो आणि आपली रजा घेतो. बरी झाल्यावर पुष्कळ दिवसांनी एका रात्री पत्नीने आम्हास विचारले, "त्याचं नाक कुणासारखं होतं?" तीन वर्षे हा प्रश्न तिने मनात दाबून ठेवला होता. त्याचे तोंड आम्ही पाहिले होते, तिने नव्हते. आम्ही सांगितले, "तुझ्यासारखं." मग आम्ही दोघेही रडलो. त्या दिवशी आमच्या घराचे दार उघडले. आपणा सर्वांची दारे अशीच उघडी राहोत, ही मंगलकामना.

नमो बुद्धाय! जयभीम!