ठिपक्याला ठिपका
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी संगणकावर बोलायला सांगितलं होतं. पण संगणक आता सगळ्यांच्याच खिशात आहे, म्हणून मी बुलेटवर बोलते.

बाबांची १९८४ची बुलेट ३५० माझ्याकडे आहे. लोखंडी सिलिंडर, एकच पिस्टन आणि ठिणगीसाठी जुना सीबी पॉइंट. ज्या मिस्त्रींनी ती वर्षानुवर्षं सांभाळली, त्यांनी गेल्या दिवाळीत दुकान बंद केलं. त्याआधी दोन वर्षं दर सुट्टीत त्यांच्याजवळ बसून मी टायमिंग लावायला शिकले.

सरांनी फळ्यावर काढलेलं चार आघातांचं इंजिन आठवतंय? हवा-पेट्रोल आत, दाब, स्फोट, धूर बाहेर. एवढ्यात क्रँक दोनदा फिरतो आणि कॅम एकदाच. म्हणून कॅमच्या गिअरला दुप्पट दात. गिअरवर बारीक ठिपके कोरलेले असतात. इंजिन बांधताना ठिपक्यासमोर ठिपका आला, की व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात. एक दात चुकला, तरी गाडी रुसते.

हे काम इंजिन खोललं तरच. एरवी तीन गोष्टी, आणि त्याच क्रमाने.

पहिली, टॅपेट. इंजिन थंड हवं. प्लग काढायचा, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवायचं. प्लगच्या भोकावरचा अंगठा हवेने ढकलला गेला, की दाबाचा आघात आला. पिस्टन अगदी वर आणायचा. आता पुशरॉड दोन बोटांत सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. फार घट्ट केला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. फार सैल ठेवला तर टकटक वाजतो.

दुसरी, पॉइंटमधली फट. ती पूर्ण उघडलेली असताना ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फिलर गेजने मोजून. तिसरी, ठिणगीची वेळ. फट बदलली की वेळही बदलते, म्हणून वेळ नेहमी शेवटी. पॉइंटमध्ये पातळ कागद धरायचा, चाक पुढच्याच दिशेने हळूहळू फिरवायचं. पिस्टन माथ्याला पोचायला ०.८ मिलिमीटर उरले असताना कागद सुटला पाहिजे. वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पाडायचं काम आतली छोटी वजनं करतात. ठिणगी मुळातच फार लवकर पडली, तर किक उलटी येते. पायाचं हाड मोडण्याइतकी. उशिरा पडली, तर गाडी तापते आणि चढाला दमते.

मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला २५ ठिणग्या पडतात. त्यांची वेळ ठरवायला लागतो एक कागदाचा कपटा आणि दोन बोटं. माझ्या कामात प्रोग्राम बिघडला तर पडदा निदान काहीतरी सांगतो. इथे बोटांनीच ओळखावं लागतं, आणि बोटांची ओळख पुस्तकातून येत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. मिस्त्रींचा मुलगा पॉइंटच्या गाड्या करत नाही. म्हणजे आपल्या गावात हे जाणणारी आज मी एकटी, आणि मी राहते पुण्यात.

आपल्या वेळी मुलं कार्यशाळेत जायची आणि आम्ही मुली शिवणाला. ती कार्यशाळा आज कुलूपबंद आहे. मुख्याध्यापकांना माझी एकच विनंती आहे : महिन्यातून एक शनिवार किल्ली द्या. बुलेट मी आणते, फिलर गेज मी आणते. आठवी-नववीच्या सहा मुली आणि सहा मुलं पुरेत. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुनं इंजिन गंजत पडलं असेल, तर ते भंगारात देऊ नका. शाळेत आणून ठेवा. चालू नसलं तरी चालेल, ठिपके दिसले म्हणजे झालं.