वेल्सनीं मला काय शिकविलें?

आवडत्या लेखकाचें ऋण दोन प्रकारें घेतां येतें. त्याच्या घरांतील वस्तु उचलून आणणें हा एक प्रकार. तो घर कसें बांधतो तें पाहून येणें हा दुसरा. पहिला सोपा, म्हणून मींही प्रथम तोच धरला.

माझें दैवत एच्. जी. वेल्स. 'द टाइम मशीन' (१८९५) ही त्यांची कादंबरी कॉलेजांत असतांना वाचली आणि लगेच एक गोष्ट लिहून काढली. तींत लंडनचें धुकें होतें, शेकोटीभोवतीं बसलेले गृहस्थ होते, कालयंत्रही होतें. मात्र माझ्या ओळखीचें एकही माणूस नव्हतें. गोष्ट साभार परत आली, तें योग्यच झालें.

पुढें 'द इन्व्हिजिबल मॅन' (१८९७) वाचतांना डोळे उघडले. ग्रिफिन अदृश्य होतो, एवढेंच तेथें अशक्य. बाकी सारें व्यवहाराला धरून चालतें. कपडे दिसतात, म्हणून ऐन जानेवारींत त्याला लंडनच्या रस्त्यांवर उघडें फिरावें लागतें. खाल्लेलें अन्न पचेपर्यंत दिसत राहतें. पापण्या पारदर्शक, म्हणून डोळे मिटले तरी अंधार होत नाहीं. वरदान वाटलेली विद्याच त्याला माणसांतून उठविते. कल्पना एकच असावी आणि भोवतालचें जग नित्याचें असावें, हें तत्त्व वेल्स यांनीं १९३३ सालच्या एका प्रस्तावनेंत स्वतःच सांगितलें आहे.

'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) मधील मंगळवासी उतरतात ते वोकिंग गांवाजवळच्या माळावर. वेल्स तेव्हां त्याच गांवीं राहत. नुकतीच शिकलेली सायकल घेऊन ते हिंडत आणि मंगळवासीयांनीं कोणत्या जागा व कोणतीं माणसें नष्ट करावीं तें ठरवीत, असें त्यांनीं १९३४ सालच्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे.

हें वाचल्यावर मीं धुकें सोडलें आणि पुण्यांतल्या आमच्या वाड्यांत परतलों. कल्पना एकच केली: एका सकाळीं कोणाच्याच पावलांचा आवाज होईनासा झाला. मुलांना मौज वाटली, चोरांचें फावलें. पण ओसरीवर आंधळे आजोबा बसत. तें प्रत्येकाला पावलांवरून ओळखीत आणि नांवानें हांक मारीत. त्या दिवशीं त्यांनीं कोणालाच हांक मारली नाहीं. तें वाक्य लिहितांना माझा हात थांबला. आपल्या आजोबांविषयीं आपण लिहीत आहोंत, हें मला तेव्हां कळलें.

श्रोतेहो, मंगळवासी वेल्सचेच राहूं द्यावेत. आपण त्यांची सायकल घ्यावी आणि ती आपल्याच गल्लींतून चालवावी.