थंडी, रक्तदाब आणि आपली गोळी
(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानावरून)



ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ उभे केले, त्यांपैकी बहुतेक जण आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत आणि रक्तदाबाची गोळी घेत आहेत. त्यांच्यासाठीच आज हा विषय आम्ही निवडला.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. १३ जानेवारी १८८४ रोजी येथे ७.८ अंश सेल्सिअस इतके नीचांकी तापमान नोंदले गेले. तेवढा गारठा आता पडत नाही. तरीही येलहंक्याची पौषातली पहाट कोकणातून आलेल्या माणसास बोचतेच.

थंडी लागताच त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात व ऊब आत राखली जाते. तेवढ्याने भागले नाही, तर शरीर कुडकुडते. वाहिन्या आकसल्यामुळे रक्तदाब चढतो. म्हणूनच हिवाळ्यात तो थोडा अधिक भरतो. वयोमानाने हे संरक्षण मुळातच मंदावते, आणि त्यात गोळीची भर पडते.

जेम्स ब्लॅक यांनी शोधलेले प्रोप्रॅनोलॉल (१९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले) आणि अॅटेनोलॉल ही औषधे हृदयाची गती मंदावतात; त्यामुळे हातापायांची बोटे गार पडतात. अॅम्लोडिपिन उलट वाहिन्या सैल करते. तेव्हा त्वचेवाटे ऊब निसटू शकते. क्लोनिडीनने कुडकुडणेच कमी होते.

खरा धोका मात्र पुढेच आहे. ‘गोळीने अंग गार पडते’ म्हणून कित्येक जण ती परस्पर सोडून देतात. तीही दाब चढण्याच्याच दिवसांत! अॅटेनोलॉलसारखे औषध एकाएकी थांबविल्यास छातीत कळ येऊ शकते, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. क्लोनिडीन अचानक सोडल्यास दाब उसळी घेतो.

तेव्हा आमची विनंती एवढीच : गोळी सोडू नये, लोकरीचे मोजे व कानटोपी घालावी. पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर फिरावयास जावे. अंथरुणातून सावकाश उठावे. बोटे पांढरी वा निळसर पडू लागल्यास डॉक्टरांना सांगावे. औषध बदलता येते, पण ते त्यांनी बदलावे, आपण नव्हे.

शेजारी राहणाऱ्या वृद्ध सभासदाची या थंडीत एकदा तरी विचारपूस करावी. मंडळ कशासाठी असते, याचे उत्तर आम्हांस त्यात दिसते.