ज्वारीच्या मुलखात आपले स्वागत



गोदाकाठच्या नांदेडात आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत.

दोन दिवस आपण एकाच विकरावर बोलणार आहोत: ऊती ट्रान्सग्लुटामिनेज, म्हणजेच टीटीजी. निरोगी शरीरात ते प्रथिनाला प्रथिन जोडते. जखम भरताना गोधडीला टाके घालावेत तसे. सिलिअ‍ॅक रोगात मात्र तेच विकर गव्हातल्या ग्लूटेनच्या तुकड्यांत असा बदल करते, की प्रतिकारशक्ती खवळते आणि आतड्याचे अस्तर झिजते.

१९९७ साली डीटेरिख, शुप्पान आणि त्यांच्या जर्मनीतील सहकाऱ्यांनी रुग्णांच्याच रक्तातली प्रतिपिंडे मानवी पेशींच्या अर्कात मिसळली. त्यांना चिकटून जे प्रथिन हाती आले, ते हेच विकर. रोगानेच घडवलेली प्रतिपिंडे रोगाचा माग काढायला कामी आली, याचे मला आजही अप्रूप वाटते. आपण लिहून देतो ती टीटीजीची रक्ततपासणी याच शोधावर उभी आहे.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ही प्रतिपिंडे उत्तर भारतात शंभरात एकाहून थोड्या अधिक लोकांत आढळली, दक्षिणेत हजारात एकाच्या आसपास. आनुवंशिक कल सगळीकडे जवळपास सारखाच. मोठा फरक होता तो ताटातल्या गव्हाचा. आपला मुलूख ज्वारीचा, पण पोळी आता आपल्याही ताटात आहे. शिवाय गुरुद्वाऱ्यामुळे नांदेडचे पंजाबशी तीनशे वर्षांचे नाते. म्हणून लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढत नाही, उंची खुंटली आहे, असे मूल समोर आले की हा रोग आठवावा. आणि कळकळीची विनंती, रक्त घेण्याआधी त्याचा गहू बंद करू नका. गहू सुटला की प्रतिपिंडे ओसरतात आणि तपासणी फसते.

उद्याच्या कार्यशाळेत काचपट्टीवर हे विकर प्रतिपिंडाने तपकिरी रंगवायचे आहे. शेजारी हे विकर नसलेल्या पेशींची पट्टी ठेवाच. या विकराची भावंडे पुष्कळ. प्रतिपिंड भलत्याला चिकटले तरी रंग तसाच उमटतो.

दुपारी भाकरी-पिठले आहे. गहू वर्ज्य असलेल्यांची ज्वारी स्वतंत्र दळून घेतली आहे, कारण गिरणीत आधी गहू दळला असेल तर तो पिठात उतरतोच. तवा आणि परातही वेगळी आहे. स्वयंसेवकांना निःसंकोच सांगा.

अध्यक्ष महोदयांना उद्घाटनाची विनंती करतो.