पासवर्ड बरोबर, तरी दार बंद



गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायला आम्ही मोहल्ल्यातल्या ग्रंथालयात बसलो होतो. बारा-तेरा मुलं, दोन जुने लॅपटॉप आणि सगळ्यांत मिळून एकच वाय-फाय. पहिले पाच-सहा अर्ज झाले. मग एका मुलीचं लॉगिन होईना. पासवर्ड बरोबर, कॅप्चा कुठे दिसत नाही, पडद्यावर फक्त ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’. तिने वीसेक वेळा केला. शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी. मागून एक मुलगा म्हणाला, “सर, नाव बघून अडवत असतील.”

ही शंका मी हसण्यावारी नेली नाही. नाव ऐकून भाड्याचं घर नाकारलेले आपल्यात थोडे नाहीत. पण त्या पानावर नाव टाकलेलंच नव्हतं, नुसता अर्ज क्रमांक होता. राग यायच्या आधी एवढं तपासायलाच हवं.

मग अडवलं कोणी? पूर्वी वाकडीतिकडी अक्षरं ओळखावी लागत. अंधांना ती दिसतच नसत, म्हणून कोडं गेलं याचं मला दुःख नाही. २०१८ मध्ये गूगलने रीकॅप्चाची तिसरी आवृत्ती आणली. ती काही विचारत नाही, मागच्या मागे तुम्हाला ० ते १ मध्ये गुण देते. १ म्हणजे बहुधा माणूस, ० म्हणजे बहुधा यंत्र. कितीच्या खाली अडवायचं, ते वेबसाइट चालवणारा ठरवतो. असे पहारेकरी आता अनेक कंपन्यांचे आहेत. ब्राउझर जुना आहे का, कुकीज आहेत का, एकाच इंटरनेट पत्त्यावरून किती विनंत्या येताहेत, अशा खुणा ते बघतात.

आता आमचं ग्रंथालय आठवा. बाहेरून पत्ता एकच, तासाभरात त्यावरून खात्यामागून खाती उघडतायत. चोरलेले पासवर्ड वापरून बघणारा बॉटही असाच दिसतो. त्यात आमचे वीस प्रयत्न! स्वतःचा नवा लॅपटॉप, घरचं इंटरनेट असलेला यात क्वचित सापडतो. सायबर कॅफेतला, भावाचा फोन मागून आणलेला सापडतो. नाव न बघताही मार बसतो तो त्यालाच. आणि कोड्यात निदान नापास झालो हे कळायचं. इथे तेही नाही. पोरगी आपलाच पासवर्ड चुकला समजून रडवेली झाली.

म्हणून असं झालं तर बटण दाबत बसू नका. व्हीपीएन आणि जाहिराती रोखणारं ॲड-ऑन बंद करा, ब्राउझर अद्ययावत करा, खासगी विंडो टाळा, फोनचं घड्याळ बरोबर आहे का बघा. वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर या. तरीही नाही झालं, तर वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि मुदत संपायच्या आत लेखी तक्रार पाठवा. फोनवर सांगितलेलं उरत नाही.

त्या मुलीचं लॉगिन माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पहिल्याच फटक्यात झालं. अर्ज रात्री सव्वाअकराला गेला. दुसऱ्या दिवशी स्क्रीनशॉट जोडून आम्ही तक्रार केली, अडवलं तर कारण दाखवा आणि दुसरा मार्ग द्या, एवढीच मागणी. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. उद्या स्मरणपत्र लिहायचंय, दोघे-तिघे थांबा.