एसीआर: रिपोर्ट 'निल' आला तरी करायची तपासणी

एरवी आपण इथे कोडवर बोलतो, आज किडनीवर बोलू. मी नऊ वर्षांचा असताना मला टाइप वन डायबेटिस झाला. आता अठ्ठाविसावं चालू आहे.

अकरावीत होतो तेव्हाची गोष्ट. लघवीची साधी तपासणी झाली, प्रोटीन निल. रक्तातलं क्रिएटिनिनही नॉर्मल. आई खूश! पण डॉक्टर मॅडमनी आणखी एक चाचणी लिहून दिली, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे एसीआर. आकडा आला ६८. तो ३० च्या आत हवा होता.

आता हे कसं होतं बघा. किडनी म्हणजे बारीक गाळणी. साखर सतत जास्त राहिली की सुरुवातीला ती उलट जास्तच जोरात गाळते, म्हणून क्रिएटिनिन छान दिसतं. पण आत दाब वाढलेला असतो. मग अल्ब्युमिन हे प्रोटीन थोडं थोडं गळायला लागतं. ३० ते ३०० च्या मधली ही गळती साध्या पट्टीवर बऱ्याचदा दिसतच नाही. सूज नाही, दुखणं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम चालू आहे, फक्त लॉगमध्ये वॉर्निंग येतेय.

मी म्हटलं, "मॅडम, काल क्रिकेटची मॅच होती." त्या म्हणाल्या, "बरोबर, व्यायामानं, तापानं, इन्फेक्शननं, मुलींमध्ये पाळीमुळेही आकडा वाढतो. म्हणून सकाळची पहिली लघवी, तीन ते सहा महिन्यांत तीनदा. तीनपैकी दोनदा जास्त आला तरच खरं." पुढचे दोन आले ४५ आणि ५२.

आणि इथे माझं बिंग फुटलं. कॉलेजच्या कँटीनमध्ये मित्रांसमोर इन्सुलिन घ्यायची लाज वाटायची, म्हणून दुपारचा डोस बुडवायचो. डायरीत मनानेच आकडे टाकायचो, १२०, १३५. मॅडमनी डायरीशेजारी एचबीएवनसीचा रिपोर्ट ठेवला. १०.४. आई तिथे काही बोलली नाही. रिक्षात एवढंच म्हणाली, "सांगितलं असतंस तर मी रागावले असते का रे?"

खरं सांगू? रागावली असती. पण तरी सांगायला हवं होतं.

मग डोस नियमित झाले, बीपीवर लक्ष आणि एक एसीई इन्हिबिटरची गोळी. दीड वर्षात आकडा ३० च्या खाली आला. हे फक्त माझं नशीब नव्हे. अमेरिका आणि कॅनडात १,४४१ जणांवर झालेल्या डीसीसीटी अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. साखर काटेकोर सांभाळणाऱ्या गटात ही सुरुवातीची गळती ३९ टक्क्यांनी कमी होती.

तेव्हा पालकांनो, मूल दहा-अकराचं झालं किंवा वयात यायला लागलं आणि डायबेटिसला काही वर्षं झाली असतील, तर डॉक्टरांना एसीआरबद्दल विचारा. नंतर दर वर्षी करा. गोळी मात्र मनाने सुरू करू नका. आणि डायरीतले सगळे आकडे फार सुंदर दिसले, तर मुलाशी जरा शांतपणे बोला.

भेटू पुढच्या भागात.