निष्क्रमण : बाळाचा पहिला उंबरठा



सोळा संस्कारांची नावे घ्यावयास सांगितली, तर विवाह, उपनयन, नामकरण ही चटकन ओठांवर येतात. निष्क्रमण हे नाव बहुतेकांना आठवावे लागते. घरोघरी बारसे थाटात होते, उष्टावण कौतुकाने होते, जावळ काढण्यासाठी कुलदैवताला जाणे होते. परंतु तान्ह्या बाळाला प्रथम घराबाहेर आणणे हादेखील एक संस्कार आहे, याचे जवळजवळ विस्मरण झाले आहे. पारस्कर गृह्यसूत्राने त्यासाठी चौथा महिना सांगितला आणि विधी म्हणून सांगितले ते इतकेच, की बाळाला सूर्याचे दर्शन घडवावे. मनुस्मृतीनेही चौथाच महिना सांगितला आहे. उंबरठा ओलांडायचा, बाळाला आकाश दाखवायचे आणि परत घरात यायचे. सूर्यदर्शन घडवायचे ते पित्याने. काही परंपरांत बाळाला बाहेर नेण्याचा मान मामाचा. आई नऊ महिने बाळाला उदरात वाहते, पुढेही ते तिच्याच अंगावर वाढते. मात्र बाहेरच्या जगाची पहिली ओळख पुरुषाच्या कडेवरून व्हावी, अशी ही योजना आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल, कारण आजच्या कुटुंबाची खरी अडचण नेमकी तेथेच आहे.

आज क्रमच उलटला आहे. बाळ जन्मते रुग्णालयात. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ३९ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत होत होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८८ टक्क्यांच्या पुढे गेले. म्हणजे घरातून बाहेर पडण्याआधी बाळाला बाहेरून घरात यावे लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच ते रिक्षात, मोटारीत किंवा एस.टी.त बसते. सहाव्या आठवड्यात लसीकरणासाठी पुन्हा बाहेर, दहाव्यात पुन्हा, चौदाव्यात पुन्हा. चौथा महिना उजाडेपर्यंत बाळाचे निष्क्रमण कित्येकदा होऊन गेलेले असते. मग जुन्या विधानाचा अर्थ कोणता घ्यायचा? तिथी पाळणे शक्य नसेल, तरी तिच्यामागचा हेतू पाळता येतो. आवश्यक कामासाठी बाळाला जरूर न्यावे. हौसेच्या फेरफटक्याला मात्र त्याचे अंग थोडे धरू द्यावे.

अंग धरणे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. नवजात बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पसारा मोठा असतो आणि डोके तर शरीराच्या मानाने फारच मोठे. त्यामुळे अंगातील ऊब झपाट्याने निघून जाते. मोठ्यांप्रमाणे कुडकुडून ऊब निर्माण करणेही त्याला साधत नाही. आजीच्या पेटीतील कुंची ही या दृष्टीने केवळ कौतुकाची वस्तू नव्हे. डोके, कान आणि पाठ एकाच वस्त्राने झाकणारी ती एक अतिशय विचारपूर्वक घडवलेली वस्तू आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाला उबदार ठेवणे, स्तनपान लवकर सुरू करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून घरीच उपचार सुरू करणे, अशी ती कामे होती. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या घरी जावे, अशी देशव्यापी व्यवस्था झाली. बेचाळीस दिवस, म्हणजे आपल्या सव्वा महिन्याच्या थोडे पुढेच! नमुना नोंदणीनुसार देशात २००० साली दर हजार जन्मांमागे ६८ अर्भके दगावत होती. २०२० मध्ये २८. या २८ पैकी २० मृत्यू पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले. घराचा उंबरठा त्या दिवसांत जपून ओलांडावा असे घरातील वृद्ध सांगत, ते उगाच नव्हे.

परंतु वडीलधाऱ्यांचे सारेच प्रमाण मानावे, असेही नाही. बाळंतिणीची खोली म्हणून दारे-खिडक्या बंद केलेली, धुराने कोंदलेली, अंधारी खोली अजूनही पुष्कळ घरांत दिसते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात कुमारागाराचे वर्णन आहे. ती खोली अंधारी नसावी, तेथे वाऱ्याचा झोत नसावा. परंतु एका बाजूने हवा खेळती असावी, असे चरकाने स्पष्ट सांगितले आहे. खेळणी जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात जाण्याजोगी नसावीत आणि बाळाला भय वाटेल अशी तर मुळीच नसावीत, इतका बारकावा तेथे आहे. मग बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून बाळाला शेक देणे, ही परंपरा म्हणायची की परंपरेचा विसर? त्या विषारी वायूने प्राण जाऊ शकतात. डोळ्यांत काजळ घालणे, नाका-कानांत तेल सोडणे, वर्षाच्या आत मध चाटवणे, या गोष्टीही आता थांबवल्या पाहिजेत. जातकर्मात मध-तुपाचे विधान आहे हे खरे. पण मधातून होणारी बाधा लहान बाळाच्या जिवावर बेतू शकते, हे आज कळले आहे. तीट लावायचीच असेल, तर तळपायाला लावावी. दृष्ट टळेल आणि डोळेही सुरक्षित राहतील!

एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. डोंबिवलीतील दोन खोल्यांच्या घरात तरुण पती-पत्नी आणि तेवीस दिवसांचे बाळ. कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. गावाहून सासूबाई आल्या आहेत आणि येत्या रविवारी बाळाला देवाच्या पायांवर घालायचेच, असा त्यांचा आग्रह आहे. सुनेच्या टाक्यांचे दुखणे अजून ओसरलेले नाही. मुलगा दोघींच्या मध्ये उभा आहे आणि अशा प्रसंगी पुरुष जे करतात तेच करतो आहे : मोबाइलमध्ये पाहतो आहे. येथे श्रद्धा विरुद्ध आधुनिकता असा देखावा उभा करणे सोपे आहे. पण प्रश्न तसा नाहीच. सासूबाईंच्या आग्रहामागे नवस आहे, कदाचित आधीच्या पिढीत दगावलेल्या एखाद्या लेकराची आठवणही आहे. सुनेच्या नकारामागे अश्रद्धा नाही, दमणूक आहे. जेजुरीचा गड म्हणजे शेकडो पायऱ्या, रविवारची गर्दी आणि मुठी-मुठीने उधळलेला भंडारा. हळदीची ती बारीक पूड मोठ्यांना आनंदाची. परंतु तान्हे बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते, ती त्याच्या नाका-डोळ्यांत जाणे बरे नव्हे. मार्ग कोणता? पित्याने एकट्याने गड चढावा, देवाला बाळाचे नाव सांगावे, चिमूटभर भंडारा कागदाच्या पुडीत घरी आणावा आणि आईच्या कपाळी लावावा. बाळाचे जाणे जावळाच्या वेळी होईलच. देव कुटुंबाचाच आहे, तो रागावत नाही. सासूबाईंना हे सुनेने सांगू नये, मुलाने सांगावे. ते सांगण्याची जबाबदारी त्याने पत्नीवर ढकलली, की त्या घरात पुढील दहा वर्षांच्या वादाचे बी पडते.

प्रवासाचा विचारही असाच सावधपणे करावा. दुचाकीवर पुढे पिता, मागे माता आणि मधोमध दुपट्यात गुंडाळलेले बाळ, हे दृश्य इतके नेहमीचे आहे, की त्यातील धोका डोळ्यांना दिसेनासा झाला आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा हवा, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला शिरस्त्राण हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नसावा. नऊ महिन्यांखालील बाळाला हे शिरस्त्राण सांगितलेले नाही. त्याची मान ते वजन पेलू शकत नाही. यावरूनच समजावे, की ते बाळ दुचाकीवर नसावे. रिक्षाचे पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे. मोटारीत बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या आसनावर बसणेही तितकेच घातक. रेल्वेचा प्रवास त्या मानाने सुखाचा. मे २०२२ मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बाकाला जोडून बाळासाठी छोटा बाक बसवण्याचा प्रयोग झाला होता. विदर्भात वैशाखात सकाळी नवाच्या आत, मुंबईत गर्दीची वेळ टाळून, आणि लग्नकार्य असेल तर वाजंत्रीपासून दूर, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले. सर्दी-खोकला झालेल्या पाहुण्याने बाळाला लांबूनच आशीर्वाद द्यावा. आणि दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, ते दूध ओढेनासे झाले, हातपाय गार पडले किंवा श्वास मिनिटाला साठ वा त्याहून अधिक होऊ लागला, तर घरगुती उपायांत एक तासही घालवू नये.

आता आईकडे वळावे. बाळाच्या सुरक्षिततेची ही सारी यादी वाचून जी स्त्री चार महिने चार भिंतींत बसते, तिच्या मनाचे काय होते? पूर्वीच्या वाड्यात बाळंतीण घराबाहेर पडत नसे. परंतु घरातच माणसे असत. आजी न्हाऊ घाली, काकू डिंकाचे लाडू वळी, शेजारीण दुपारी येऊन बसे. आज पती कामाला गेला, की दार बंद होते ते रात्री उघडते. प्रसूतीनंतर कित्येक स्त्रियांना उदासीनतेने घेरले जाते. ते नखरे नव्हेत, तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. अशा घरी बाळाला बाहेर नेणे ही बाळाइतकीच आईची गरज असते. सोसायटीच्या अंगणात सकाळचे कोवळे ऊन पडले असता दहा मिनिटे खाली येणे, एवढेही तिला पुरते. त्या वेळी ‘इतक्या लहान बाळाला खाली कशाला आणले?’ असे विचारणाऱ्या शेजाऱ्यांनी त्याऐवजी ‘चहा घ्यायला या’ म्हणावे.

येथे पित्याचा मुद्दा पुन्हा येतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. केंद्र सरकारच्या सेवेतील पित्याला पंधरा दिवसांची रजा आहे; खाजगी क्षेत्रासाठी तसा कायदा नाही. परंतु जी रजा आहे ती तरी बारशाच्या मंडपाची व्यवस्था पाहण्यात संपू नये. रात्री दोन वाजता रडणारे बाळ खांद्यावर घेऊन फिरवणे, लंगोट बदलणे, मालिशवाल्या बाई येईपर्यंत पाणी तापवून ठेवणे, यांत पुरुषार्थाला उणेपणा येत नाही. गृह्यसूत्राने बाळाला सूर्य दाखवण्याचे काम पित्याकडे दिले, त्याला बाळ धरता येते हे गृहीत धरूनच.

समाजानेही काही जागा मोकळी ठेवावी लागते. कोजागरीच्या रात्री तान्ह्या बाळाच्या ओढीने रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीची कथा महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तिच्याच नावाने बसस्थानकांवर हिरकणी कक्ष झाले. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनातही असा कक्ष हवा याची जाणीव झाली. देवळे, मंगल कार्यालये, उत्सवाचे मंडप येथे मात्र अजून फारसा विचार झालेला नाही. गणेशोत्सवात हजारो रुपयांची रोषणाई होते. त्याच मंडपाच्या मागे पडदा लावून दोन खुर्च्या आणि एक पंखा ठेवला, तर दर्शनाला आलेल्या आईला बाळाला पाजण्यासाठी भिंतीकडे तोंड करून उभे राहावे लागणार नाही.

आणि ज्यांच्या बाळाचे निष्क्रमण कोणत्याही महिन्याची वाट पाहत नाही, त्यांचे काय? दसरा-दिवाळी उलटली, की बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या गाड्या कारखान्यांकडे निघतात. संसाराच्या गाठोड्यावर बाळंतीण बसते आणि तिच्या मांडीवर महिन्याचे मूल असते. पुढील पाच-सहा महिने ते मूल पाचटाच्या कोपीत किंवा फडाच्या बांधावरील झोळीत वाढते. पहाटेच्या थंडीत आई मोळी बांधते तेव्हा त्याला सांभाळायला असते ती सात-आठ वर्षांची बहीण, जी वास्तविक शाळेत असावयास हवी. या बाळाला कुंची कोण देणार? गाव सुटले, की लसीकरणाची तारीखही सुटते. वस्तुतः माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असेल, तर राहिलेली लस कोणत्याही गावच्या सरकारी आरोग्यकेंद्रात मिळते. अडते ते हे सांगणारे कोणी नसते म्हणून. कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्या भगिनींनी गळीत हंगामात आठवड्यातून एक सकाळ या तळांवर जावे, जुने लोकरीचे कपडे न्यावेत, कोपीत बसून बाळाच्या आईशी दोन शब्द बोलावेत आणि गाठोड्यातील ते कार्ड काढावयास सांगून कोणती लस राहिली आहे ते पाहावे. तेथील आशाताईचा दूरध्वनी क्रमांक त्याच कार्डाच्या मागे लिहून द्यावा.